टिपणीसकाकांचा डायरेक्ट कारभार

टिपणीसकाकांना आयुष्यात एकाच माणसाचा राग होता, आणि तो म्हणजे मधला माणूस. मग तो कांद्याचा दलाल असो, लग्नं जुळवणारी कुणी मावशी असो, नाहीतर सरकारी कचेरीतला 'आपल्या ओळखीचा' कारकून असो. कांदे ते कल्याणच्या बाजार समितीतून गोणीने आणून बिल्डिंगभर वाटत. नळाला पाणी आलं नाही तर वॉर्ड ऑफिसात न जाता सरळ मंत्रालयात पोस्टकार्ड टाकत. एकदा शीळफाट्याला त्यांची स्कूटर बंद पडली, तर त्यांनी मेकॅनिकला हात लावू दिला नाही. स्वतः खोलली. संध्याकाळी स्कूटर टेम्पोत आणि तिचे सुटे भाग नलूकाकूंच्या ओटीत, अशी वरात घरी आली. एका श्रावणात त्यांनी सत्यनारायणालाही गुरुजी बोलावले नाहीत. पोथी स्वतः वाचली, संकल्प स्वतः सांगितला आणि स्वतःच केला, आणि शेवटी गुरुजींच्या पाया पडायची वेळ आली तेव्हा थोडा विचार करून आरशासमोर जाऊन नमस्कार करून आले. देवाशी आपलं डायरेक्ट आहे, असं वर आम्हाला प्रसाद देताना सांगितलं. प्रसाद काकूंनी केला होता, म्हणून कोणी वाद घातला नाही.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या बाजूला, सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीत राहत होतो. समोरचं दार टिपणीसांचं. काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात होते. बुटकी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि जिथे इतरांच्या खिशाला पेन असतं तिथे टेस्टर. कुणाच्या घरी गेले की आधी स्विचबोर्डाकडे बघत, मग माणसांकडे. माझ्या मुलीच्या, मुग्धाच्या, बारशाला आले तेव्हा पाळण्यात डोकावायच्या आधी आमच्या फ्रिजची पिन तपासून झाली होती. आणखी एक खोड होती. कुणी काही सांगितलं की ते अंगठ्याने टेबल दाबत. कारखान्यात कुठे काही बिघडलं की भिंतीवरच्या पॅनेलवर दिवा लुकलुकायला लागतो, आणि माणसाने बटण दाबून 'कळलं' म्हणेपर्यंत तो थांबत नाही, त्यावरून ही सवय लागलेली. काकू म्हणाल्या, दूध संपलंय, की काकांचा अंगठा टेबलावर. दूध येईलच असं नाही.

नलूकाकू घरात पाळणाघर चालवायच्या. नोकरी करणाऱ्या आम्हा सहा जणींची सहा मुलं, तीन झोळीतली आणि तीन चालती. त्यांची मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली होती, तेव्हापासून घर या मुलांनी भरलेलं. काकूंची ख्याती अशी, की स्वयंपाकघरात भाकरी थापताना बाहेर कुठलं मूल रडतंय आणि कशासाठी रडतंय हे त्या नुसत्या आवाजावरून सांगत. मुग्धाचं रडणं भुकेचं की हट्टाचं, हे मला, तिच्या आईला, धड कळत नसे आणि काकूंना भिंतीपलीकडून कळे. मी ठाण्याला बँकेत होते, सकाळी आठला निघून संध्याकाळी सहाला यायचे. काकूंचा मला थोडा हेवा वाटायचा आणि पुष्कळ आधार.

त्या सुमारास आमचे सेक्रेटरी जोगळेकर विठ्ठलवाडीला उतरून कुठल्याशा दुकानातून बिनवायरच्या बेल घेऊन आले. दाराबाहेर चिकटवायचं एक बटण, घरात ठेवायची एक डबी. भिंत फोडायला नको, वायर ओढायला नको. सोळा बिऱ्हाडांनी सोळा घेतल्या. रविवारी सगळ्यांनी मोठ्या हौसेने लावल्या, आणि सोमवारी सकाळी दूधवाल्याने तळमजल्यावरचं पहिलं बटण दाबलं तेव्हा सोळाच्या सोळा वाजल्या. सोळा दारं उघडली. दूधवाला घाबरून किटली तिथेच टाकून सायकलकडे पळाला. पुढचे चार दिवस कुणाकडेही कोणीही आलं की आख्खी बिल्डिंग दारात उभी. एकटी हिराबाई खूश होती. ती खाडीवरून मासळी घेऊन यायची आणि तिला रोज तीन जिने चढावे लागत.

"यो बटन बरा हाय," ती पाटी उतरवत म्हणाली. "एक दाबला का आख्खी बिल्डिंग भायेर येते. जोशीनबाय पन आली, नाक धरून."

जोगळेकर बेल परत करायला निघाले, तर काकांनी अडवलं. दुकानदार म्हणजे पुन्हा मधला माणूस. काकांनी एक डबी उघडून भिंगाखाली धरली. आत सोल्डरच्या पाच बारीक टाक्यांच्या जागा होत्या. कुठला टाका जोडायचा आणि कुठला मोकळा सोडायचा, यावर बेलचा नंबर ठरत होता, आणि बनवणाऱ्याने सगळ्यांचे पाचही मोकळे सोडून दिले होते. म्हणजे सोळा घरांना एकच नंबर. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते, तेव्हा काकांनी सगळ्या डब्या आणि सगळी बटणं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि दिवेलागणीपर्यंत प्रत्येक घराला त्याचा वेगळा नंबर टाके मारून दिला. पाचही मोकळे असलेला नंबर कुणालाच दिला नाही. तो बाजारातला नंबर, उद्या कुणाचीही बेल येऊन वाजेल, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. घरभर राळेच्या धुराचा वास, मुलं टेबलाखाली, आणि काका मधूनच एखादं बटण दाबून विचारायचे, कोण आलं? मुलं सुरात सांगायची, दूऽऽधवाला.

इथपर्यंत काका परोपकारी होते. पुढे बिघडले.

कारखान्याच्या ऑफिसने एक जुना कॉम्प्युटर प्रिंटरसकट मोडीत काढला, तो काकांनी उचलून आणला. इतरांकडे जिथे टीव्ही असतो तिथे तो काकूंनी विणलेल्या रुमालाखाली बसला. हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि चालू केला की आमच्या घरात ऐकू येईल एवढी घरघर. काकांच्या मनात आलं की बेलचा सिग्नल हवेतून येतोच आहे, तर तो याला का ऐकवू नये? ठाण्याच्या एका जाणकाराने सांगितलं की त्यासाठी मध्ये एक कार्ड बसवावं लागतं, कार्डाला बाहेर एक डबा लागतो, आणि डब्याला आणखी काहीतरी. 'मध्ये' हा शब्द ऐकल्यावर काका चहा अर्धा टाकून घरी आले.

"ह्याच्या मागे प्रिंटर लावायची जागा आहे ना," त्यांनी मला वाकायला लावून दाखवलं, "त्यातल्या काही पिना बोलतात, काही ऐकतात. ऐकणाऱ्या पाच आहेत. बेलचे टाके पाच. मग हवाय कशाला कोणी मध्ये? डायरेक्ट वायर लावायची."

पाच टाक्यांचे बत्तीस नंबर कसे होतात हे त्यांनी मला तीनदा समजावलं, आणि तिन्ही वेळा मी अंगठ्याने टेबल दाबलं. पण ते जमलं खरं. बिल्डिंगमध्ये कुठेही बटण दाबलं की काकांच्या पडद्यावर घराचा नंबर आणि वेळ उमटायला लागली. यात काही गैर आहे असं काकांच्या स्वप्नातही आलं नाही. कारखान्यात सगळ्याचीच नोंद असते.

घोटाळा वार्षिक सभेत झाला. जोगळेकरांनी तक्रार मांडली की शनिवारी दुपारी बिल्डिंगमध्ये बाहेरच्या माणसांची फार वर्दळ असते, लोकांची झोपमोड होते, आणि हे कुणाकडे येतात ते कळलं पाहिजे. काका उत्साहाने उठले. घरी जाऊन बेलची वायर काढली, तिथे प्रिंटर लावला, कारण दोघांना जागा एकच, आणि सलग कागदाची लांब पट्टी घेऊन परत आले. मग उभं राहून निरागसपणे वाचायला लागले. शनिवार, दोन वाजून दहा मिनिटं, घर नंबर अकरा. दोन वाजून बारा, अकरा. दोन वाजून पंधरा, अकरा. अकरा नंबर जोगळेकरांचा होता, आणि गच्चीवर पत्ते खेळायला बंदी करणारी नोटीसही त्यांचीच होती. रमीला किती जण लागतात, असं मागून कोणीतरी विचारलं. सभेने एकमताने ठराव केला की टिपणीसांनी यापुढे फक्त स्वतःच्या घरातलं ऐकावं. काकांनी अंगठ्याने खुर्ची दाबली, आणि या वेळी मात्र पाळलं.

कारण घरात त्यांना ऐकण्यासारखं बरंच होतं. महिन्याभरात काकूंच्या ओट्यावरच्या भिंतीवर पाच दिव्यांची पट्टी आली, आणि तशीच दुसरी हॉलमध्ये. दाराचा दिवा लाल. तीन झोळ्यांचे पिवळा, हिरवा आणि निळा. पांढरा कुकरचा. प्रत्येक झोळीच्या वर, कड्यापाशी, बेलचं उघडं केलेलं बटण आणि बॉलपेनची स्प्रिंग बांधलेली. मूल चुळबुळलं की स्प्रिंग टेकायची, सिग्नल सुटायचा, कॉम्प्युटर तो ऐकायचा आणि आपल्या बोलणाऱ्या पिनांवरून दिवा लावायचा. दिव्याखालचं बटण दाबेपर्यंत दिवा लुकलुकत राहायचा. मूल रडलेलं कळायला कॉम्प्युटर लागतो काय, म्हणून बिल्डिंग काकांना हसली. सगळ्यांत जास्त काकू हसायच्या. ह्यांना घरात कारखाना हवाय, असं म्हणत त्या बटण दाबून झोळीकडे जायच्या. मुग्धा तर घरी आल्यावर रडायच्या आधी आमच्या भिंतीवर दिवा शोधायची.

मला खरं कळलं ते माझ्या तापामुळे. एक दिवस मी बँकेतून दुपारीच परत आले आणि मुग्धाला घ्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून बटण न दाबता आत शिरले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी हाक मारली, त्या वळल्या नाहीत. पुन्हा मारली. मग दोन हात अंतरावर उभी राहून चांगली ओरडले, आणि काकू शांतपणे दुधीच्या फोडी करत राहिल्या. तेवढ्यात हिरवा दिवा लुकलुकला. त्यांनी मान वर केली, बटण दाबलं, वळल्या आणि मला बघून दचकल्या. कधी आलीस गं, म्हणाल्या, पावलांचा आवाजसुद्धा नाही. मी काहीतरी पुटपुटले. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.

मला राग आला, आणि तो खोटा नव्हता. माझी मुलगी रोज दहा तास या घरात असते, आणि तिला सांभाळणाऱ्या बाईला ऐकू येत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी काका कारखान्यातून आले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठून जे बोलायचं ते बोलले. काकांनी पिशवी पायरीवर ठेवली.

"हळूहळू गेलं," ते म्हणाले. "तिला वाटतं, मला माहीत नाही. आणि तुम्हा बायकांना कळलं तर मुलं न्याल, ही एकच धास्ती आहे तिला. मुलं गेली तर ती काय करेल, वर्षा? बसल्या जागी संपेल."

तुमचं तर सगळं डायरेक्ट असतं, मी म्हटलं, मग काकूंनाच सरळ का विचारत नाही? काका टेस्टरचं टोपण लावत-काढत राहिले. बिल्डिंगभर स्वतःचं हसं करून घेणारा हा माणूस बायकोसमोर एक वाक्य बोलायला घाबरत होता.

"आमच्या प्लँटमध्ये ब्लोअर चालू असतो," ते शेवटी म्हणाले. "तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही कानावर विसंबतच नाही, दिव्यावर विसंबतो. बहिरा म्हणून तिथे कोणी घरी बसत नाही. मग हिनेच का बसावं?"

मुग्धाला न्यायचं तर ने, ते म्हणाले, फक्त कारण कोणाला सांगू नकोस. मी आठ दिवस विचार केला आणि मुग्धाला तिथेच ठेवलं. याचं श्रेय माझ्या मोठ्या मनाला देऊ नये. दुसरं पाळणाघर रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला होतं. पण त्या आठ दिवसांत मी तीनदा रजा टाकून अवेळी डोकावून आले, आणि तिन्ही वेळा मुलाने धड तोंड उघडायच्या आत काकू झोळीपाशी होत्या. आमच्या घरी, चारही कान शाबूत असताना, मुग्धा रडायला लागली की मी आणि आमचे हे पाच मिनिटं एकमेकांना 'तू ऊठ' म्हणत असू. इतर आयांपासून मी हे लपवलं याची मात्र मला तेव्हाही टोचणी होती.

वीज बहुतेक शुक्रवारी जायची आणि शुक्रवारी काका घरी असत, त्यामुळे तशी काळजी नव्हती. पण एका बुधवारी, मी घरी असताना, भर दुपारी गेली. मी पोळी तव्यावर तशीच सोडून समोर धावले. कॉम्प्युटर बंद, दिवे बंद. काकू हॉलमध्ये मांडी घालून बसल्या होत्या. तिन्ही झोळ्यांच्या दोऱ्या त्यांच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना बांधलेल्या, उजव्या हाताने तांदूळ निवडणं चालू, आणि चालती मुलं समोर नजरेच्या टप्प्यात. मधल्या बोटाला बारीक हिसका बसला. काकूंनी न बघता त्या दोरीला झोका दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वीज गेली म्हणून आलीस ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला माहीत आहे. ह्यांना सांगू नकोस हं. त्यांना वाटतं, मी हे सगळं त्यांचं खूळ समजते. किती हौसेने करतात. मला कळलंय हे त्यांना कळलं तर त्यांना रडू येईल, आणि मग मला येईल."

मी मान डोलावली. अशा रीतीने टिपणीसांच्या घरात एक मधला माणूस तयार झाला आणि तो मी होते. जिन्यात काका मला हळूच विचारत, तिला संशय नाही ना आला? गॅलरीत काकू विचारत, ह्यांना काही कळलं नाही ना? मी दोघांनाही नाही म्हणत असे. बँकेत इतकी खोटी मान हलवली असती तर केव्हाच घरी बसवलं असतं.

हे सगळं उघड्यावर आलं ते काकांच्या एका चुकीने. तिसरी झोळी तयार करताना त्यांना घाई झाली होती, कारण त्या आठवड्यात एका मोठ्या झालेल्या मुलाच्या जागी नवीन मूल यायचं होतं. बाजारातून आणलेलं नवं बटण त्यांनी टाके न मारता तसंच बांधलं. म्हणजे जो नंबर कुणाला द्यायचा नाही म्हणून मला बजावलं होतं, तोच निळ्या दिव्याला दिला. वर्षभर काही बिघडलं नाही. मग आमच्या मागे नवी बिल्डिंग उभी राहिली, तिथल्या एका बिऱ्हाडाने तसलीच बेल घेतली, आणि एका शनिवारी त्यांच्याकडे वास्तुशांत निघाली.

पाहुण्यांची रीघ लागलेली, दर मिनिटाला कोणीतरी बटण दाबतंय. काकूंच्या घरात निळा दिवा थांबायला तयार नाही. काकू तिसऱ्या झोळीपाशी जाऊन गाढ झोपलेल्या मुलाला झोके देत होत्या आणि त्याला काय होतंय ते बघत होत्या. दोन सिग्नल एकदम आले की कॉम्प्युटर गोंधळायचा, त्यामुळे पिवळा दिवा लागलाच नाही, आणि पहिल्या झोळीत शुभदाचा मुलगा घसा ताणून रडत होता. शुभदा टेलिफोन खात्यात होती, त्या दिवशी लवकर सुटून नेमकी तेव्हा दारात आली. तिने काकूंना मागून चार हाका मारल्या. मग पुढे होऊन आपलं मूल उचललं. काकूंनी तिचा चेहरा बघितला तेव्हा त्यांना सगळं समजलं.

संध्याकाळी आम्ही सहाही जणी टिपणीसांच्या हॉलमध्ये जमलो. काकांनी चूक तासाभरात शोधून काढली होती आणि कागदाची पट्टी छापून हातात घेतली होती. ते उभे राहिले आणि मी त्यांना इतकं घाईने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चूक सर्वस्वी माझी आहे, म्हणाले, नंबर मी चुकवला. हिला सगळं व्यवस्थित ऐकू येतं. माझ्या या खुळामुळे हिला दिव्याकडे बघायची सवय लागली, एवढंच. उद्या मी हे सगळं काढून टाकतो, मग बघा. बोलता बोलता त्यांच्या कपाळावर घाम आला. काकू समोर बसून त्यांच्या ओठांवरची नजर न हलवता ऐकत होत्या.

"अहो, पुरे," त्या म्हणाल्या.

मग आमच्याकडे वळल्या. "मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही मुलं न्याल म्हणून भ्याले. हे माझं चुकलं. ज्यांना न्यायची त्यांनी न्या, मी रागावणार नाही."

काकांच्या हातातली पट्टी घसरून जमिनीवर उलगडली. त्यांनी खाली बसून, काकूंच्या अगदी समोर तोंड नेऊन विचारलं, "मला माहीत आहे, हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच," काकू म्हणाल्या. "कुकरच्या शिट्टीला दिवा कोण लावतं?"

कोणीतरी हसलं, बहुतेक मीच, आणि मग मला रडूही आलं. शुभदाने पट्टी उचलून वाचायला घेतली. झोळी कधी हलली आणि काकूंनी बटण कधी दाबलं, ते एकाखाली एक. तिने ती बराच वेळ वाचली. इतक्या लवकर तर मीही उठत नाही, असं म्हणाली. तरीही सोमवारपासून ती मुलाला घेऊन गेली, आणि आणखी एक मूल गेलं. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मी असते तर मलाही ते रडणं विसरता आलं नसतं. चार राहिली. मुग्धा राहिली, आणि आता सगळ्यांना सगळं माहीत होतं म्हणून माझी टोचणी गेली. शुभदाचा मुलगा दिवाळीनंतर परत आला. तिने कारण सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही ठाण्याला घर घेतलं. सामानाचा ट्रक खाली भरून झाला आणि मी निरोप घ्यायला वर गेले, तर काका दाराबाहेर स्टुलावर चढून नवी पाटी लावत होते. मजकूर काकूंनीच रंगाऱ्याला सांगितला होता. 'पाळणाघर. मला ऐकू येत नाही. मुलांकडे लक्ष असतं. चौकशी समोर येऊन करावी.' काका तोंडात तीन-चार स्क्रू धरून काहीतरी सांगत होते. काकूंनी त्यांच्या पोटरीवर चापट मारली, आणि आधी ते स्क्रू काढा, मला ओठ दिसत नाहीत, असं दटावलं.

काकांनी एकेक स्क्रू काढून खिशात टाकला. स्टुलावरून खाली उतरले, काकूंच्या समोर उभे राहिले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून काहीतरी म्हणाले. खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. काकूंचे कान लाल झाले. त्यांनी पदराने काकांच्या शर्टावरचा चुना झटकला.

"हे दहा वर्षांपूर्वी बोलला असता," त्या म्हणाल्या, "तर ऐकूही आलं असतं."